काटेकाका पेशंट होतात

काटेकाका आरोग्य केंद्रात पहिल्यांदा गेले ते भांडायला.

त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. बाजारातल्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढीच जागा. भिंतीला टांगलेले स्प्रिंगचे काटे, फळीवर ओळीने मांडलेली पितळी मापं आणि मधोमध उंच स्टुलावर डोळ्याला भिंग लावून बसलेले स्वतः काका. भाजीवाले, भंगारवाले, गोदामवाले, सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यामुळे त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्या वस्तीला ते काटेकाका.

वस्ती कामगारांची. एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला पॅकिंगचे कारखाने आणि मध्ये एक भलीमोठी लॉन्ड्री. मोठं हॉस्पिटल गाठायचं तर दोन बस बदलाव्या लागायच्या, आणि तिथे गेलेल्या माणसाचा अख्खा दिवस कामातून जायचा. म्हणून इथली माणसं अगदीच आडवी झाल्याशिवाय आजारी पडत नसत. चार वर्षांपूर्वी फर्निचरच्या एका जुन्या गोदामात हे आरोग्य केंद्र निघालं. ज्याला जेवढं झेपेल तेवढं द्या, झेपत नसेल तर देऊ नका, पण या, असा तिथला कारभार. काका मात्र चार वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. यंत्र चालतंय तोवर उघडायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम त्यांनी स्वतःच्या देहालाही लावला होता. देह एकोणसाठ वर्षं चालत होता, आणि "माझी स्प्रिंग अजून ओरिजिनल आहे" हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत.

एका सकाळी लॉन्ड्रीतल्या दोन बायका दुकानासमोरून बोलत चालल्या होत्या. "केंद्रातला तो मेला काटा दीड किलो जास्त दाखवतो बघ," असं एक म्हणाली आणि काकांच्या हातातला पेचकस थांबला. आपण या वस्तीत जिवंत असताना, दोन गल्ल्यांवर, लोकांच्या डोळ्यांदेखत, चुकीचा काटा! त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पाच-पाच किलोची चार मापं त्यांनी पिशवीत घातली, दुकानाचं शटर ओढलं आणि तरातरा निघाले.

केंद्रात दाराशीच एक ठेंगणी, चटपटीत सिस्टर बसली होती.

"काका, नंबर घेतलात का?"

"मला नंबर नको. तुमचा काटा दाखवा."

सिस्टरने कोपऱ्याकडे बोट केलं. काकांनी काट्यावर एक माप ठेवलं. पाच. दुसरं ठेवलं. दहा. चौथं ठेवलं तेव्हा बाकावरचे सगळे पेशंट माना उंच करून बघत होते. वीस. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. काका गुडघ्यावर बसले, काट्याच्या पोटाखाली डोकं घालून बघितलं, फुंकर मारली, पुन्हा मापं ठेवली. पुन्हा वीस.

"दीड किलो जास्त दाखवतो म्हणून तक्रार आहे," ते जरा नरम आवाजात म्हणाले.

"रोजच असते," सिस्टर म्हणाली. "निम्मे लोक म्हणतात काटा जास्त दाखवतो. कमी दाखवतो असं मात्र अजून एकानेही म्हटलेलं नाही."

बाकांवर खसखस पिकली. आता एवढी वीस किलोंची पिशवी वाहून आणल्यावर नुसतंच परत जाणं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी नजर फिरवली. भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं मागे होतं. तिसरं बाक डुगडुगत होतं. नंबर पुकारलेला मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. हे सगळं ते मोठ्या आवाजात सांगत सुटले, तशा आतल्या खोलीतून मोठ्या बाई बाहेर आल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि केंद्र चालवणाऱ्या समितीच्या अध्यक्ष. अर्ध्या वस्तीने त्यांच्या हातची छडी खाल्ली होती. त्यांनी काकांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही समितीवर या."

"मी?"

"एक जागा रिकामी आहे. दर महिन्याला बैठक असते. चुका काढायच्या, आम्ही त्या वहीत लिहून घेतो."

काकांचा चेहरा खुलला. चुका काढायच्या आणि वर समोरच्याने त्या लिहून घ्यायच्या! असं सुख त्यांना ना घरी मिळालं होतं ना धंद्यात.

"एकच अट आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "समितीवर निम्म्याहून जास्त माणसं इथे स्वतः उपचार घेणारी हवीत. ज्याला लागतं त्याला कळतं, म्हणून. ही रिकामी जागा पेशंटची आहे. तेव्हा आधी पेशंट व्हा."

"पण मला काही झालेलं नाही."

"मग तपासून घ्यायला काय हरकत आहे?"

काका दोन दिवस दुकानात घुटमळले. तिसऱ्या दिवशी स्वच्छ शर्ट घालून गेले आणि केसपेपर काढला.

"याआधी डॉक्टरकडे कधी गेला होतात?" सिस्टरने विचारलं.

"दात पाडायला. बावीस वर्षं झाली."

सिस्टरने लिहून घेतलं आणि त्यांना दोन नंबरच्या खोलीत नेलं. दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, गोल तबकडीवरचा काटा सरसर वर गेला आणि हळूहळू उतरला. सिस्टरच्या भुवया मात्र चढल्या त्या उतरल्या नाहीत. तिने पुन्हा मोजलं.

"काका, वरचं एकशे अडुसष्ट आहे. खालचं शंभर. बीपी आहे तुम्हाला."

"मला नाही. तुमच्या यंत्राला आहे."

सिस्टरने तो पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. "हे बघा, एकशे दहा. यंत्र चांगलं आहे."

"एकशे दहाला चांगलं असेल!" काका उठून उभे राहिले. "अहो, बाजारात असे काटे पोत्याने बघितलेत मी. शून्यावर बरोबर, हलक्या मालाला बरोबर. वजन चढलं की लबाडी सुरू. तुम्ही हलका माल आहात, सिस्टर. माझ्या दंडावर ते चुकतंय."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. वयाने तरुण, चष्मा कपाळावर ढकललेला, आणि सकाळपासून चाळीस पेशंट बघून दमलेल्या. त्या आता आपल्याला बाहेर काढणार, या तयारीने काकांनी छाती फुगवली. पण डॉक्टरीणबाईंनी तबकडी हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "तपासता येईल तुम्हाला?"

इतक्या वर्षांत काकांना कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून पाऱ्याचं जुनं बीपीचं यंत्र काढलं. काकांनी तीन तोंडांची रबरी नळी मागितली, तिची दोन टोकं दोन यंत्रांना जोडली, तिसरं टोक फुग्याला. मग बाही सरसावून फुगा दाबायला लागले. तेवढ्यात दारात चार पेशंटही जमले. शंभरपर्यंत पारा आणि काटा हातात हात घालून चढले. एकशे चाळीसला काटा मागे रेंगाळला. काकांचे डोळे चमकले. त्यांनी आणखी दाबलं. पारा एकशे ऐंशीवर पोचला तेव्हा तबकडीवरचा काटा एकशे अडुसष्टवर दम खात उभा होता.

"बघा!" काकांनी दोन्ही हात वर केले. "बघा! म्हटलं नव्हतं मी? चूक आहे यंत्रात!"

"आहे खरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही होतात म्हणून कळलं. बाराने कमी दाखवतंय."

"चांगलं बाराने!"

"म्हणजे तुमचं एकशे ऐंशी आहे."

काकांचे हात वरच राहिले. दारातल्या एका म्हातारीने पुढे होऊन ते अलगद खाली घेतले आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

पुढचा अर्धा तास काका सांगितलेलं सगळं करत गेले. रक्त दिलं, छातीला तारा लावून घेतल्या, रोजची एक गोळी लिहून घेतली आणि मीठ कमी करण्याचं कबूल केलं. निघताना त्यांनी सिस्टरला दारामागे गाठलं.

"सिस्टर, एक विनंती आहे. घरी कळता कामा नये. आमच्या हिच्यासमोर मी तीस वर्षं... म्हणजे ती स्प्रिंग... तुम्हाला कळलं ना?"

"इथली गोष्ट बाहेर जात नाही, काका. कुणाचीच नाही. नवऱ्याची बायकोला नाही आणि बायकोची नवऱ्याला नाही."

हे म्हणताना सिस्टरला एकाएकी खोकला का आला, हे काकांना कळलं नाही.

इकडे केंद्रात वेगळीच धावपळ सुरू झाली. ती तबकडी महिन्यापूर्वी टेबलावरून पडली होती. त्यानंतर त्या खोलीत ज्यांचं बीपी जेमतेम ठीक म्हणून लिहिलं गेलं, त्या सगळ्यांना पुन्हा तपासणं भाग होतं. असे सोळाजण निघाले. फोन केले, तर निम्मे लागले नाहीत आणि उरलेल्यांनी "बघू" म्हटलं. शेवटी सिस्टर नवीन यंत्र पिशवीत घालून घरोघर जायला निघाली. पण त्या वस्तीत सातच्या शेजारी एकतीस आणि एकतीसच्या मागे चार, कारण नंबर पडले ते घरं बांधली गेली त्या क्रमाने. काका म्हणाले, "मी दाखवतो घरं. सगळ्यांच्या घरचे काटे उघडलेत मी."

सिस्टरने अट घातली. नाव विचारायचं नाही. घराच्या खुणेपर्यंत यायचं आणि मग दहा पावलं लांब, दाराकडे पाठ करून उभं राहायचं.

त्या दुपारी सगळ्या वस्तीने एक देखावा बघितला. सिस्टर दार वाजवते आहे आणि दहा पावलांवर काटेकाका भिंतीकडे तोंड करून उभे आहेत.

"काका, शिक्षा झाली का काय?" एका खिडकीतून विचारणा झाली.

"आरोग्याचं काम आहे," काका भिंतीला म्हणाले.

पण काम काही पुढे सरकेना. नऊ दारांना कुलूप. लॉन्ड्रीतली सहाला सुटते, पॅकिंगवाली साडेसहाला, आणि केंद्र बंद होतं पाचला. एका घरात बाई भेटली तर तिची भाषा सिस्टरला येईना. मग केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशींना फोन लावला. त्या तिच्या मुलखाच्या. त्यांनी फोनवरूनच सगळं समजावलं आणि वर तिच्या आईची खुशालीही विचारली. एका दारात रातपाळीचा हमाल डोळे चोळत आला.

"सिस्टर, तुम्ही उघडता तेव्हा मी झोपतो आणि मी उठतो तेव्हा तुम्ही बंद करता. आपलं जमायचं कसं?"

काकांची पाठ होती, पण कान उघडे होते. भिंतीकडे बघत त्यांनी ते सगळं मनात टिपून घेतलं.

पंधरा घरं झाली. सिस्टरने यादी घडी करून खिशात टाकली.

"चला काका, तुम्ही आता दुकानात जा. शेवटचं घर मला सापडेल."

"कुठलं आहे? खूण सांगा."

"सापडेल म्हटलं ना."

"अहो, इथे वीस वर्षं पत्रं वाटणारा माणूसही हरवायचा."

"काका, जा!"

काका गेल्यासारखं करून कोपऱ्यावर थांबले. सिस्टर हरवणार याची त्यांना खात्री होती. पण ती सरळ चौथ्या गल्लीत वळली, पाण्याच्या टाकीला वळसा घातला आणि हिरव्या दाराची कडी वाजवली. ते हिरवं दार काकांचं होतं.

ही बया आपलं बीपी सांगायला आली! दहा पावलांची अट विसरून ते धावत सुटले. दार उघडून काकू बाहेर आल्या, सिस्टरने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात धापा टाकत काका मध्ये घुसले.

"सिस्टर! शब्द दिला होता तुम्ही! माझं एकशे ऐंशी आहे हे घरी सांगणार नाही म्हणून!"

समोरच्या ओट्यावर धान्य निवडणारे हात थांबले.

"एकशे ऐंशी?" काकू म्हणाल्या. "कुणाचं?"

"म्हणजे... यंत्राचं."

"अहो, कुणाचं?"

"माझं," काका म्हणाले. "पण हिने सांगायला नको होतं."

"मी एक अक्षर बोललेली नाही," सिस्टर म्हणाली. "मी तुमच्यासाठी आलेच नव्हते. मी—" आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

काकूंनी एकदा सिस्टरकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"माझ्याकडे आली आहे ती. तीन वर्षं झाली मला बीपी आहे. या आत दोघंही, शेजारी कान लावून बसलेत."

"तीन वर्षं? पण तू कधी..."

"बुधवारी."

"बुधवारी तर तुझा शिवणाचा क्लास असतो!"

"तीन वर्षं शिवण शिकते आहे मी," काकू म्हणाल्या. "घरात एक उशीचा अभ्रा तरी बघितलात का तुम्ही?"

काकांनी खरोखरच खोलीत नजर फिरवली. अभ्रा नव्हता.

"पण लपवलंस का?"

"पहिल्यांदा चक्कर आली तेव्हा तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, चालतंय ना, मग उघडायचं नाही. मग मी जाऊन उघडून आले."

सिस्टरने काकूंच्या दंडाला पट्टा गुंडाळला. नव्या यंत्राचा काटा चढला, उतरला. गेल्या महिन्यात एकशे छत्तीस लिहिलेलं आता एकशे अठ्ठेचाळीस निघालं. गोळी वाढवावी लागेल, उद्या येऊन डॉक्टरांना भेटा, सिस्टर म्हणाली. घाबरण्यासारखं काही नाही, पण असंच राहिलं असतं तर बरं नव्हतं. ते ऐकून काका उठले, मोरीपाशी गेले आणि उगाचच बराच वेळ हात धूत राहिले. परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "गोळ्या ठेवतेस कुठे?"

"धान्याच्या डब्यामागे. तुम्ही?"

"दुकानात. पन्नास ग्रॅमच्या मापाच्या खोक्यात."

"तिथे मापाबरोबर गिळाल एखाद दिवशी. उद्यापासून इथे आणा."

समितीची बैठक पुढच्या सोमवारी होती. काकांनी दोन पानं भरून मुद्दे काढले. पहिला मुद्दा केंद्राच्या वेळेचा, दुसरा घड्याळाचा, तिसरा डुगडुगणाऱ्या बाकाचा, आणि असे एकूण सतरा. ते पुन्हा तोच स्वच्छ शर्ट घालून गेले. सोबत काकू होत्या, कारण त्यांना त्याच दिवशी नवीन गोळ्या घ्यायच्या होत्या. मोठ्या बाईंनी दोघांना दारात बघितलं आणि त्या थबकल्या.

"हे तुमच्या घरचे?" त्यांनी काकूंना विचारलं.

"हो. का?"

"मग अडचण आहे. काकू, तुम्ही तीन वर्षं इथे येता. दोनदा मीच तुम्हाला समितीवर या म्हटलं होतं, तुम्ही घरी कळेल म्हणून नको म्हणालात. आता घरी कळलंय. एका घरातून एकच माणूस घेता येतो."

"मग ठरलंच," काका पुढे होत म्हणाले.

"ठरलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला पेशंट होऊन बारा दिवस झालेत. काकू, या आत."

काका दाराबाहेर उरले. काकूंनी त्यांच्या हातातली दोन पानं घेतली, वरून खालपर्यंत नजर फिरवली, एकाची घडी करून पिशवीत टाकली, एक परत दिलं आणि आत गेल्या. दार लागलं.

बाहेरच्या बाकावर बसून काकांनी कान टवकारले. आतून आधी कुजबूज आली, मग डॉक्टरीणबाईंचा दमलेला आवाज. माणसं कमी आहेत, संध्याकाळी कोण थांबणार? मग काकू बोलायला लागल्या. सतरा मुद्दे नाहीत की काही नाही. सोळांपैकी नऊ दारांना कुलूप होतं, एवढंच त्या म्हणाल्या. लॉन्ड्रीत इस्त्रीवर उभ्या असलेल्या बाईला चक्कर आली तर ती सहापर्यंत थांबते, आणि सहाला इथे कुलूप. "तिने चक्कर किती वाजताची आणावी, ते तुम्हीच सांगा." आत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग सिस्टरचा आवाज आला. सकाळी उशिरा येऊ दिलं तर आपण दोन दिवस थांबायला तयार आहोत. झाडलोटीच्या मावशीही थांबतो म्हणाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन दिवस करून बघू.

काकू बाहेर आल्या.

"मंगळवार आणि गुरुवार, आठपर्यंत. पुढच्या आठवड्यापासून."

काकांना आनंद झाला होता, पण तो इतक्यात दाखवायची त्यांची तयारी नव्हती.

"आणि माझा बाकाचा मुद्दा?"

"राहिला."

"घड्याळाचा?"

"अहो, घड्याळ तुम्हीच लावा ना, स्टूल घेऊन. त्याला समिती कशाला हवी?"

दोन दिवस काका घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पाठवली. केंद्रातली सगळी बीपीची यंत्रं आणि वजनकाटे दर महिन्याला तपासून द्याल का? चिठ्ठी काकांनी दुकानात दर्शनी भागी चिकटवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवली.

पहिल्या गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला केंद्रासमोर रांग रस्त्यापर्यंत गेली. लॉन्ड्रीच्या बायका ओल्या हातांनीच आल्या होत्या, पॅकिंगवाल्यांच्या बाह्यांना चिकटपट्टीचे तुकडे लटकत होते. रातपाळीचा हमाल कामावर जाण्यापूर्वी डबा घेऊनच आला. त्याचं बीपी काकांपेक्षाही जास्त निघालं, आणि काकांनी त्याला खुर्चीत बसवून, मीठ कमी कसं करायचं, हे तीन आठवड्यांच्या दांडग्या अनुभवाने, पुन्हा पुन्हा समजावलं. शेवटी तो हमाल सिस्टरला म्हणाला, "गोळी द्या, पण यांना आवरा."

काकांचा नंबर साडेसातला लागला. सिस्टरने पट्टा गुंडाळला.

"एकशे अठ्ठेचाळीस. छान उतरलंय की."

"यंत्र कुठलं आहे?"

"तुम्हीच सकाळी तपासलेलं."

काकांनी मान तिरकी करून तबकडीकडे बघितलं, मग सिस्टरकडे बघितलं.

"लिहा," ते म्हणाले, आणि बाही खाली ओढून, पुढच्या माणसाला खुर्ची दिली.